मानेच्या मणक्यांचे संशोधन : काही संज्ञांची चिकित्सा

१९२८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या वेस्टर्न ऑर्थोपीडिक असोसिएशनच्या सभेत हॅरोल्ड क्रो ह्या अस्थिशल्यचिकित्सकाने मोटार-अपघातात मानेला दुखापत झालेल्या आठ रुग्णांची हकीकत सांगितली. ती सांगताना त्याने ‘व्हिप्लॅश’ हा शब्द योजला. चाबकाचा फटकारा, एवढाच त्याचा अर्थ. मागून धक्का बसलेल्या गाडीतील माणसाची मान कशी हेलकावते, हे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभे करणे हा त्याचा हेतू होता. पुढे छत्तीस वर्षांनी, १९६४ मध्ये, त्याच क्रोने एका लेखात खेदाने नमूद केले की आपण एका गतीचे वर्णन केले होते, परंतु वैद्य, रुग्ण आणि वकील ह्या तिघांनीही ते रोगाचे नाव म्हणून स्वीकारले. शब्द योजणाऱ्यानेच आपल्या शब्दाविषयी अशी कबुली द्यावी, हे विज्ञानाच्या इतिहासात फारसे घडत नाही. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की ह्या कबुलीचा परिणाम जवळजवळ काहीच झाला नाही.

मानेच्या मणक्यांच्या दुखापती व विकार ह्यांविषयी मनुष्यवैद्यकात आणि पशुवैद्यकात झालेले संशोधन एकत्र वाचू लागले, म्हणजे क्रोचा अनुभव अपवादात्मक नाही असे दिसून येते. ह्या क्षेत्रातील कित्येक संज्ञा कारण, गती, जखम आणि लक्षण ह्या चार भिन्न गोष्टींपैकी एकीसाठी जन्मल्या आणि पुढे दुसरीसाठी वापरल्या गेल्या. शस्त्रक्रिया कोणती चांगली, ह्याचा निर्णय अर्थातच भाषाभ्यासकाने देण्याचा नाही. परंतु जेथे पुराव्याचे काम शब्दच करू लागतो, ती जागा दाखवून देणे त्याच्या अधिकारात येते. मानेच्या बाबतीत ही जागा दाखवणे केवळ कोशकाराच्या हौसेचा विषय नाही, हे पुढे स्पष्ट होईल.

प्रथम चाबकाचाच विचार करू. चाबकाची मूठ जड आणि टोक हलके असते. मुठीकडून निघालेली लाट टोकाकडे जाताना वस्तुमान कमी कमी होत जाते, म्हणून वेग वाढत जातो आणि अखेरीस फटकारा ऐकू येतो. मानेची रचना ह्याच्या नेमकी उलट आहे. तिच्या टोकाशी साडेचार-पाच किलो वजनाचे डोके असते. मागून धक्का बसताच ते डोके धावत नाही. ते जडत्वामुळे जागच्या जागी राहते आणि त्याच्याखालून धड पुढे सरकते. म्हणजे येथे मूठ हलते, टोक थांबते. चाबकाच्या प्रतिमेत मात्र लक्ष टोकाकडे, म्हणजे डोक्याच्या झोकाकडे, जाते. इतर भाषांनी ह्याच घटनेची वेगळी चित्रे काढली आहेत. जपानीने चाबूकच पत्करला, जर्मनने भिरकावण्याची कल्पना घेतली. फ्रेंचमध्ये तिला ‘सशाचा फटका’ म्हणतात, कारण ससा मारताना त्याच्या मानेवर मागून आघात करतात. तिन्ही चित्रांत मान निष्क्रिय आहे आणि आघात बाहेरून येतो. मानेच्या आत एक मणका दुसऱ्यावर कसा वागतो, हे कोणतेच चित्र सांगत नाही.

प्रतिमेचा संशोधनावर परिणाम झाला काय? झाला, असे मानण्यास आधार आहे. १९५३ मध्ये गे व ॲबट ह्यांचा लेख अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्याच्या शीर्षकामुळे हा शब्द घरोघरी पोचला. १९६४ साली इयान मॅकनॅब ह्यांनी माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. मान मागे प्रमाणाबाहेर वाकली की पुढील स्नायू, पुढील अस्थिबंध व चकती फाटू शकतात, असे त्यांत दिसले. प्रश्न ‘मान किती मागे गेली’ असा विचारला गेला, म्हणून उत्तरही त्याच मापात मिळाले. डोके मागे जाऊ द्यायचे नाही हा त्यातून निघणारा उपाय. १९६९ पासून अमेरिकेत नव्या मोटारींच्या पुढील आसनांना डोक्याचा आधार सक्तीचा झाला. हा उपाय निरुपयोगी होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु १९९७ मध्ये येल विद्यापीठातील पंजाबी व त्यांचे सहकारी ह्यांनी शवांतून काढलेल्या मानेच्या कण्यांवर प्रयोग करून दाखवले की धक्क्यानंतरच्या पहिल्या शंभर मिलिसेकंदांच्या आतच मान इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळते : वरचे मणके पुढे वाकतात, खालचे मागे. खालच्या मणक्यांची इजा ह्या पहिल्याच टप्प्यात होते, संपूर्ण मान मागे जाण्यापूर्वी. चाबकाच्या चित्रात ह्या टप्प्याला जागाच नव्हती. मॅकनॅब ह्यांच्या निरीक्षणात खोट नव्हती. त्यांना मिळालेल्या शब्दाने त्यांची नजर आधीच एका बाजूस वळवलेली होती, इतकेच.

१९९५ मध्ये क्वेबेक येथील कार्यगटाने हा गुंता सोडवण्याचा सर्वांत व्यवस्थित प्रयत्न केला. ‘व्हिप्लॅश’ हा शब्द त्याने ऊर्जा मानेकडे पोचवणाऱ्या यंत्रणेपुरता राखून ठेवला, आणि तिच्यापासून उद्भवणाऱ्या तक्रारींना ‘संबद्ध विकार’ असे निराळे नाव देऊन शून्य ते चार अशा श्रेणींत त्यांची वाटणी केली. कारण आणि कार्य ह्यांना वेगळी नावे देणे हे निःसंशय मोठे पाऊल होते. तरीही त्यात दोन उणिवा राहिल्या. एक तर जुना शब्द नव्या संज्ञेच्या पोटात तसाच राहिला, त्यामुळे रुग्णाच्या कागदावर तोच उमटत राहिला. दुसरे असे की शून्य श्रेणी म्हणजे मानेची तक्रार नाही आणि शारीरिक चिन्हही नाही अशी अवस्था. जेथे काहीच नाही त्या अवस्थेलाही वर्गीकरणाच्या चौकटीत घर मिळाले. मोजणीसाठी शून्य लागते हे खरे. परंतु ‘शून्य श्रेणीचा विकार’ असे म्हणताक्षणी विकार अस्तित्वात येतो, ही भाषेची सवय कार्यगटाने विचारात घेतलेली दिसत नाही.

ही सवय किती प्रबळ असते ते पुढील दोन अभ्यासांवरून कळते. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’ने लिथुएनियातील एक पाहणी छापली. पोलिसांच्या नोंदींवरून निवडलेल्या, गाडीला मागून धक्का बसलेल्या २०२ व्यक्तींची तुलना अपघात न झालेल्यांशी केली असता दीर्घकालीन मानदुखी दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच आढळली. त्या देशात तेव्हा अशा दुखण्याबद्दल भरपाई मिळण्याची अपेक्षा फारशी कोणी करीत नव्हते. २००१ साली जर्मन संशोधकांनी ५१ स्वयंसेवकांना मोटारीत बसवून अपघाताचा निव्वळ आभास निर्माण केला. मानेवर भार येईल असे काहीच घडले नाही. तरी चार आठवड्यांच्या आत सुमारे एक-पंचमांश व्यक्तींनी तक्रारी सांगितल्या. ह्यावरून कित्येकांनी असा निष्कर्ष काढला की हे दुखणे भरपाईच्या लोभाने जन्मते. हा निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावतो. लिथुएनियाच्या पाहणीत अपघातानंतर लगेच मान दुखल्याचे सांगणारे लोक थोडे होते, आणि थोड्यांमधून दीर्घकाळ दुखणारे आणखी थोडेच निघणार. एवढ्या लहान संख्येवरून ‘नाही’ असे म्हणता येत नाही. जर्मन प्रयोगातून तर इतकेच सिद्ध होते की अपघात आणि मानदुखी ह्यांची जोडी लोकांच्या मनात आधीच जुळलेली असते. ती जोडी लावणारा शब्द वैद्यकानेच पुरवला होता. रुग्णाने त्या शब्दाप्रमाणे आपले दुखणे सांगितले, तर त्याच्यावर लबाडीचा आरोप करण्यापूर्वी वैद्यकाने आपल्या कोशाकडे पाहावयास हवे.

ह्या संदर्भात एका फार जुन्या लेखनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. एडविन स्मिथ पपायरस ह्या नावाने ओळखले जाणारे इजिप्शियन हस्तलिखित इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या आसपासचे असून त्याचा मजकूर त्याहूनही जुना आहे. जेम्स ब्रेस्टेड ह्यांनी त्याचे भाषांतर १९३० मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील ४८ रुग्णकथनांपैकी एकोणतिसावे ते तेहतिसावे ही मानेच्या मणक्यांविषयी आहेत. एकतिसाव्या कथनात मानेचा मणका निखळल्याने हातपाय लुळे पडलेला आणि लघवीवर ताबा न उरलेला माणूस आहे, आणि हा रोग उपचार करण्याजोगा नाही असा स्पष्ट निवाडा आहे. हे सर्व वैद्यकाच्या इतिहासकारांनी पुष्कळदा सांगितले आहे. भाषाभ्यासकाला कुतूहल वाटते ते कथनांना जोडलेल्या टीपांचे. मूळ ग्रंथानंतर काही पिढ्यांनी, जुने शब्द कळेनासे झाल्यावर, कोणा अज्ञात टीकाकाराने त्या लिहिल्या असाव्यात. ‘निखळणे’ म्हणजे काय, तर जोडलेल्या दोन वस्तू एकमेकींपासून सुटणे, आणि वरचे मांस मात्र शाबूत असणे. मणका ‘आत जाणे’ म्हणजे काय, तर नांगरलेल्या भुसभुशीत जमिनीत पाऊल रुतावे तसे त्याचे आत रुतणे. ‘चिरडणे’ वेगळे, तेथे डोक्यावर पडल्यामुळे एक मणका दुसऱ्यात घुसलेला असतो. ह्या टीकाकारालाही प्रतिमेवाचून गत्यंतर नव्हते. पण शब्द कोणत्या अवस्थेपुरता आहे आणि शेजारच्या शब्दाहून तो कोठे वेगळा होतो, हे त्याने सांगितले. साडेतीन हजार वर्षांनंतरच्या लेखकांपैकी फार थोड्यांनी इतकी काळजी घेतली.

काळजी न घेण्याचे ठळक उदाहरण म्हणजे दुसऱ्या मणक्याच्या कमानीचा भंग. त्याला ‘हँगमन्स फ्रॅक्चर’, म्हणजे फाशी देणाऱ्याचा अस्थिभंग, म्हणतात. १९१३ मध्ये फ्रेडरिक वुड-जोन्स ह्यांनी फाशीच्या कैद्यांच्या मानेच्या अस्थी तपासून एक लेख लिहिला. त्यांतील काही अस्थी रंगूनच्या तुरुंगातून आल्या होत्या; ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचा प्रांत होता. दोराची गाठ हनुवटीखाली ठेवल्यास मृत्यू तत्काळ येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि त्या भंगाला शीर्षकातच त्यांनी ‘आदर्श’ हे विशेषण लावले. अस्थिभंग आदर्श कसा असू शकतो, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. तो ज्याच्या दृष्टीने आदर्श होता त्याच्या मनोवृत्तीचा आहे. पुढे १९६५ मध्ये श्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटार-अपघातात वाचलेल्या रुग्णांमध्ये तसाच भंग पाहिला आणि त्याला फाशीचे नाव दिले. क्ष-किरणचित्रात दोन्ही सारखे दिसतात हे खरे. परंतु फाशीत मान मागे वाकून ताणली जाते, तर मोटारीत ती बहुधा मागे वाकून दाबली जाते. फाशीत मज्जारज्जू तुटतो. मोटारीत कमान दोन्ही बाजूंनी सुटल्यामुळे नलिका रुंदावते आणि मज्जारज्जू बहुधा वाचतो. म्हणजे ज्या भंगातून रुग्ण चालत घरी जाण्याची शक्यता पुष्कळ, त्यालाच वधस्तंभाचे नाव मिळाले. शिवाय १९९२ साली फाशी दिलेल्या ३४ जणांच्या अस्थी पुन्हा तपासल्या असता हा विशिष्ट भंग मोजक्यांतच आढळला. फाशीतही तो नियम नव्हता. खाटेवर पडलेल्या रुग्णाला हे नाव ऐकवताना वैद्याला प्रत्येक वेळी ‘घाबरू नका’ अशी पुस्ती जोडावी लागत असेल, तर ती पुस्ती हीच त्या नावावरची खरी टीका होय.

ह्याच्या तुलनेने सातव्या मणक्याच्या कंटकाचा भंग सुदैवी ठरला. चिकणमाती उपसणाऱ्या मजुरांवरून त्याचे नाव पडले; फावड्याला माती चिकटून बसली की झटका उलट मानेवर येतो, हे कारण नावात आहे आणि ते खरे आहे. पहिल्या मणक्याच्या भंगाला १९२० सालच्या लेखावरून जेफर्सन ह्यांचे नाव आहे. व्यक्तिनाम काहीच सांगत नाही, म्हणून फसवतही नाही. परिभाषेच्या मंडळींना व्यक्तिनामे नापसंत असतात; मानेचा अनुभव पाहता त्या नापसंतीचा फेरविचार करावयास हरकत नाही.

पशुवैद्यकाकडे वळले की नावे देण्याची दुसरीच तऱ्हा दिसते. जनावर आपले दुखणे सांगत नाही, म्हणून त्याच्या चालीवरून नाव पडते. १९३९ मध्ये केंटकी येथील डिमॉक व एरिंग्टन ह्यांनी तोल जाणाऱ्या घोड्यांविषयी लिहिताना ‘वॉब्लर’, म्हणजे झोकांड्या खाणारा, हा तबेल्यातील शब्द शास्त्रात आणला. तरुण, उमद्या, झपाट्याने वाढणाऱ्या घोड्यांचे मागचे पाय एकाएकी ताळ्यावर राहीनासे होतात. कारण मानेत असते, मणक्यांच्या नलिकेत मज्जारज्जू दाबला जातो. पुढे कुत्र्यांतही तशी चाल दिसली आणि तोच शब्द त्यांना लागला. परंतु ग्रेट डेनसारख्या प्रचंड जातींत लहान वयातच हाड वाढून नलिका अरुंद होते, तर डॉबरमनमध्ये बहुधा मध्यम वयात चकती फुगून मज्जारज्जूवर येते. ह्या निराळ्या व्याधी आहेत. घोड्याची झोकांडी तर परोपजीवी जंतूंमुळेही असू शकते आणि तेथे मणक्यांचा काहीच दोष नसतो. एका चालीखाली इतके विकार गोळा झाल्यावर प्रत्येक लेखकाने आपापले शास्त्रशुद्ध नाव काढले. परिणामी कुत्र्याच्या ह्या एका विकारसमूहाला डझनभराहून अधिक नावे मिळाली, आणि तबेल्यातला शब्द सर्वांना पुरून उरला. त्याला कारण आहे. तो निदान सांगत नाही, फक्त दिसले ते सांगतो. ‘व्हिप्लॅश’ हाही मुळात असाच दिसल्याचा शब्द होता. फरक एवढाच की ‘वॉब्लर’ म्हटले म्हणजे अजून शोध घ्यावयाचा आहे हे पशुवैद्य जाणतो, आणि ‘व्हिप्लॅश’ म्हटले म्हणजे शोध संपला असे मनुष्यवैद्याला वाटते.

मनुष्य आणि पशू ह्यांच्या दोन परिभाषांमध्ये जी भिंत आहे, ती केवळ रोगनामांची नाही. ‘पुढे’ आणि ‘मागे’ हे साधे शब्दही दोहोंकडे एक नाहीत. उभ्या माणसाची पुढची बाजू म्हणजे पोटाची. चार पायांच्या जनावराची पुढची बाजू म्हणजे डोक्याची. म्हणून १९६८ मध्ये पशुशरीराची स्वतंत्र नामावली निघाली तेव्हा तिच्यात पोटाकडील, पाठीकडील, डोक्याकडील, शेपटीकडील असे शब्द पत्करले गेले. हा निर्णय योग्यच होता. परंतु त्यामुळे गळ्याच्या बाजूने मानेत शिरण्याची शल्यक्रिया माणसात ‘पुढील’ आणि कुत्र्यात ‘पोटाकडील’ झाली; एकाच वाटेला दोन ग्रंथालयांत दोन नावे मिळाली. पहिल्या मणक्याचे नावही असेच माणसाच्या उभ्या देहातून आले आहे. आकाश पेलणारा ॲटलस डोके पेलतो ही कल्पना माणसाला शोभते. घोड्याचे डोके मात्र मणक्यावर ठेवलेले नसून मानेच्या वरच्या भक्कम अस्थिबंधाने पुढे तोललेले असते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १९८६ मध्ये विदाल, ग्राफ व बेर्तोझ ह्यांनी जाग्या व मोकळ्या प्राण्यांची क्ष-किरणचित्रे घेऊन दाखवले की ससा, मांजर ह्यांसारख्या प्राण्यांची मान बाहेरून आडवी वाटली तरी विश्रांतीच्या वेळी आतील मणके जवळजवळ उभे असतात. म्हणजे बाह्य रूपावरून कल्पिलेला भेद आत तितका नाही. दोन्ही बाजूंचे शब्द बाह्यरेषेवर बेतले होते, आणि मणके त्या रेषेत नव्हते.

भिंत असूनही व्यवहार झालाच, आणि त्याचा मार्ग मोठा मनोरंजक आहे. १९५८ मध्ये राल्फ क्लोवर्ड ह्यांनी गळ्याच्या बाजूने जाऊन माणसाची बिघडलेली चकती काढण्याची व त्या जागी हाडाची खुंटी बसवून दोन मणके सांधण्याची पद्धती प्रसिद्ध केली. ती घोड्यांच्या झोकांडीसाठी वापरून पाहण्यात आली. वॉशिंग्टन राज्यात अस्थिशल्यचिकित्सक जॉर्ज बॅग्बी आणि पशुवैद्य पामेला वॅग्नर व बॅरी ग्रँट एकत्र आले, आणि हाडाच्या खुंटीऐवजी छिद्रे पाडलेली पोलादी नळी त्यांनी घोड्याच्या मानेत बसवली. त्याच कल्पनेतून पुढे माणसाच्या कमरेच्या मणक्यांसाठी धातूचा पिंजरा तयार झाला. त्याला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. १९७७ साली अमेरिकेतील तिन्ही मोठ्या शर्यती जिंकणारा सिअॅटल स्ल्यू हा घोडा उतारवयात झोकांड्या खाऊ लागला, तेव्हा २००० आणि २००२ मध्ये त्याच्या मानेवर अशीच शस्त्रक्रिया करण्यात आली. माणसाकडून घोड्याकडे आणि घोड्याकडून पुन्हा माणसाकडे हे ज्ञान गेले, ते ग्रंथालयाच्या सूचीतून नव्हे. भिन्न विद्याशाखांची माणसे एकमेकांशी बोलू लागली म्हणून. जेथे अशी माणसे एकत्र येत नाहीत तेथे सूचीवरच भिस्त असते.

आणि सूचीत अलीकडे एक नवा अपघात घडला आहे. माणसाच्या मानेतील मणक्यांची झीज, चकतीचा फुगवटा, अस्थिबंधाचे हाड होणे, अशा निरनिराळ्या कारणांनी मज्जारज्जू हळूहळू दबत जातो. १९५२ मध्ये ब्रेन, नॉर्थफील्ड व विल्किन्सन ह्यांनी ह्या अवस्थेचे विस्तृत वर्णन केले. त्यानंतर तिला अनेक नावे पडली. २०१५ मध्ये ‘डिजनरेटिव्ह सर्व्हायकल मायलोपॅथी’ हे एकच छत्र सुचवण्यात आले, आणि रुग्ण व संशोधक ह्यांच्या संयुक्त विचारविनिमयातूनही पुढे तेच स्वीकारले गेले. ही धडपड व्यर्थ म्हणता येणार नाही. हातांची बोटे बधिर होणे, सदऱ्याची बटणे न लागणे, चालताना पाय अडखळणे, अशी लक्षणे घेऊन रुग्ण फिरत राहतो. इस्रायलमधील ४२ रुग्णांच्या २०१३ सालच्या पाहणीत लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ गेला होता, आणि पुष्कळांना आधी मनगटातील नस दबल्याचे सांगण्यात आले होते. दबलेला मज्जारज्जू मोकळा केला तरी गेलेली शक्ती सगळी परत येतेच असे नाही. नाव एक झाले तर ते दोन वर्षे कमी होतील, ही आशा रास्त आहे.

परंतु नाव निवडताना शेजारच्या शास्त्राचा कोश उघडून पाहिला गेला असे वाटत नाही. पशुवैद्यकात ‘डिजनरेटिव्ह मायलोपॅथी’ हे १९७३ पासून एका सर्वस्वी भिन्न रोगाचे रूढ नाव आहे. ॲव्हरिल ह्यांनी ते वृद्ध जर्मन शेपर्ड कुत्र्यांसंबंधी वापरले. तेथे मज्जारज्जू कोणत्याही मणक्याने दाबलेला नसतो, तो आतूनच क्षीण होतो. २००९ मध्ये त्याचा संबंध एका जनुकाच्या उत्परिवर्तनाशी जोडला गेला. माणसातील ज्या रोगाशी तो जुळतो तो चेतापेशींच्या क्षयाचा आहे; मानेच्या झिजेशी त्याचे नाते नाही. याउलट माणसाच्या नव्या संज्ञेला कुत्र्यातील खरा जोडीदार म्हणजे डॉबरमनची झोकांडी, आणि तिच्या नावात हे शब्दच नाहीत. म्हणजे सारखी नावे भिन्न रोगांना आणि भिन्न नावे सारख्या रोगांना, अशी अवस्था झाली. संक्षेपाने तर कळसच केला. मनुष्यवैद्यकात ह्या रोगाला ‘डी.सी.एम.’ म्हणतात. पशुवैद्यकात ‘डी.सी.एम.’ म्हणजे हृदयाचा स्नायू ताणला जाऊन दुबळा होण्याचा विकार, आणि तो ज्या जातीत विशेष आढळतो ती जात पुन्हा डॉबरमनच. एकाच कुत्र्याला दोन्ही असू शकतात. शब्दांची इतकी नेमकी गफलत योजून करणेही कोणाला कठीण गेले असते.

प्रयोगशाळेतील प्राण्यांविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. १९११ मध्ये ॲलन ह्यांनी कुत्र्याच्या मज्जारज्जूवर वजन पाडून दुखापत मोजण्याची रीत घालून दिली, तेव्हापासून अशा प्रयोगांची परंपरा चालू आहे. तिच्यातील बहुतांश इजा छातीच्या मणक्यांजवळ केल्या जातात, कारण तेथे प्राणी श्वास घेत राहतो आणि त्याची जोपासना सोपी जाते. माणसांत मात्र मज्जारज्जूच्या दुखापतींपैकी निम्म्याच्या आसपास मानेच्या असतात. ‘मज्जारज्जूची दुखापत’ ह्या एका शब्दसमूहाखाली उंदराची छाती आणि माणसाची मान सुखाने एकत्र नांदतात. शीर्षक वाचणाऱ्याला हा स्थलांतराचा पत्ता लागत नाही.

मराठीपुढे हा प्रश्न कोणत्या रूपाने उभा राहतो? मराठीचा ‘मणका’ मण्याशी नाते सांगतो. लॅटिन शब्दाच्या मुळाशी वळण्याची क्रिया आहे, मराठी शब्दाच्या मुळाशी ओवण्याची. माळेची कल्पना सुंदर आहे, पण तिच्यामुळे आतील दोराच मण्यांना धरून ठेवतो असे वाटते, आणि मणी सरकतात म्हणून ‘मणका सरकला’ असे सहज बोलले जाते. सरकतो तो बहुधा मणका नव्हे, चकतीतील गर असतो. अलीकडे ‘मणक्यात गॅप आला’ हा प्रयोग खेड्यापाड्यांतही ऐकू येतो. क्ष-किरणचित्र पाहून वैद्य म्हणतो की दोन मणक्यांमधील जागा कमी झाली आहे. रुग्णापर्यंत पोचते ती नेमकी उलट गोष्ट, जागा वाढल्याची, आणि मग तो फट बुजवण्याचा उपाय शोधत हिंडतो. ‘स्पाँडिलायटिस’चा दोष अधिक गंभीर आहे. झिजेला इंग्रजीत निराळा प्रत्यय आहे आणि दाहाला निराळा. मराठी बोलण्यात दाहाचा प्रत्यय सरसकट झिजेला लागला. ज्यांच्या मानेत खरोखर दाह असून मणके एकमेकांना सांधून कडक झालेले असतात, त्यांची मान साध्या पडण्यानेही मोडू शकते, आणि पट्टा बांधताना ती जबरीने सरळ केली तर मज्जारज्जूला अपाय होतो. अशा रुग्णाने अपघातानंतर ‘मला मानेचा स्पाँडिलायटिस आहे’ असे सांगितले, तर त्याच्या सांगण्यातला धोक्याचा इशारा कोणाच्या कानावर पडणार? तो शब्द तर गल्लीतील प्रत्येक दुसरा कारकून वापरतो.

संस्कृत परंपरेकडे जाऊन ग्रीवा, मन्या, कशेरुका अशी नावे आणली की हा प्रश्न सुटतो, अशी एक समजूत परिभाषाकारांमध्ये आहे. सुश्रुताने डोके व मान ह्यांच्या सांध्यावरील मर्माला ‘कृकाटिका’ म्हटले आणि त्याच्या आघाताने डोके स्थिर राहत नाही असे सांगितले. तेथे स्थान आणि लक्षण ह्यांना दोन स्वतंत्र शब्द आहेत, ही शिस्त घेण्यासारखी आहे. परंतु शिस्त न घेता केवळ शब्द घेतले, तर इंग्रजीतील चूक संस्कृत वेषात परत येते. ‘व्हिप्लॅश’ला ‘कशाघात’ म्हटल्याने चाबूक जात नाही.

आणि जनावरांची मान? मराठी शेतकऱ्याच्या बोलण्यात बैलाचा ‘खांदा’ म्हणजे वशिंडापुढचा मानेचा तो भाग, ज्यावर जू बसते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, तेव्हा हळद व लोणी चोळले जाते ते मानेलाच. हा शब्द अवयवाच्या जागेवरून आलेला नाही. माणूस ओझे खांद्यावर घेतो, बैल मानेवर घेतो, तेव्हा ओझे घेणारी जागा तो खांदा, असा त्यामागचा विचार आहे आणि तो विचार म्हणून निर्दोष आहे. परंतु ‘बैलाचा खांदा धरला आहे’ असे सांगणाऱ्या शेतकऱ्याची तक्रार गुरांच्या दवाखान्यातील नोंदवहीत ‘खांदा’ म्हणून उतरली, आणि त्या वहीवरून कोणी इंग्रजीत तक्ता तयार केला, तर त्या तक्त्यात ती पुढच्या पायाच्या सांध्याखाली मोजली जाईल, आणि जुवाखालच्या मानेच्या रकान्यात शून्य पडेल.